पिठावरचे बारा

पाचवीच्या गणिताच्या पुस्तकात रोमन संख्याचिन्हांचा पाठ अगदी सुरुवातीला असतो. तो सुरुवातीला का, हे मला इतक्या वर्षांत कळलेलं नाही. जूनमध्ये लेकरं शाळेत येतात तेव्हा त्यांना हातच्याची वजाबाकीसुद्धा आठवत नसते, आणि आपण त्यांना सांगायचं की लांबच्या एका देशात फार पूर्वी लोक आकडे असे लिहायचे. आमच्या शाळेच्या गावात हे आकडे कुठे दिसत नाहीत. शेजारच्या गावातल्या हायस्कूलच्या वर्गांवर आहेत, तेही रंग उडालेले. तरी पाठ आहे, परीक्षेत येतो, म्हणून शिकवायचा. मी तो चांगला शिकवते.

माझी पद्धत राखेची आहे. प्रत्येक लेकराच्या पुढ्यात जेवणाचं ताट ठेवायचं, त्यात चाळलेली राख पसरायची आणि बोटानं लिहायला लावायचं. चुकलं की ताट हलवायचं, पाटी कोरी. खडू लागत नाही, वही फाटत नाही, खोडरबरावरून मारामाऱ्या होत नाहीत. एक रेघ म्हणजे एक. हाताचा पंजा उघडला, अंगठा एकीकडे आणि चार बोटं एकीकडे, की झाले पाच. दोन पंजे एकाखाली एक उलटसुलट ठेवले की फुली, म्हणजे दहा. एवढं समजलं की पोरं वीसपर्यंत आपली आपण जातात. फक्त चार आणि नऊला अडतात.

राख शाळेच्याच चुलीची. आमची शाळा पिंगळीच्या पुढे, रस्त्यापासून आत. दोन खोल्या, एक व्हरांडा, मागे पत्र्याचं स्वयंपाकघर आणि त्याला लागून तांदळाची कोठी. शिक्षक दोन. मुख्याध्यापकांकडे पहिली-दुसरी आणि सगळे कागद, माझ्याकडे तिसरी ते पाचवी. मी परभणीहून स्कूटीवर येते. दुपारचा आहार शिजवायला एक बाई होती, तिशीतली, किडकिडीत, हसरी. तिची मुलगी माझ्याकडेच पाचवीत होती. सिलेंडर बहुतेक वेळा संपलेला असायचा, मग ही कापसाच्या पऱ्हाट्या पेटवून चुलीवर खिचडी करायची. राख तीच चाळून द्यायची, आणि दिल्यावर दारातच उभी राहायची, हातात उलथनं घेऊन.

ती शाळेत कधी गेलेली नव्हती. अंगठा लावायची. पण माझा पाठ पाहून तिला फार गंमत वाटली.

"मॅडम, ह्या तर आमच्याच रेघा हाईत की वो," ती म्हणाली. आणि खरंच, स्वयंपाकघराच्या भिंतीवर तिनं कोळशानं रेघा मारलेल्या असायच्या. तांदळाच्या एका मापट्यामागे एक रेघ. विसरायला नको म्हणून. "तुमी नुसती फुली लावली, बाकी आमचंच हाय."

मी म्हणाले, "मग चार लिहून दाखव."

तिनं लेकीच्या ताटात चार रेघा मारल्या. लेक ओरडली, "आई, तसं न्हाई. पाचाच्या डाव्या अंगाला एक उभा करायचा. म्हंजी पाचात एक कमी."

"आन् उजव्या अंगाला उभा केला तर?"

"तर सा."

ती खो-खो हसली. "म्हंजी आमच्या सासूबाईवानी. डाव्या अंगाला उभं ऱ्हायलं की मानूस कमी हुतं, उजव्या अंगाला ऱ्हायलं की भर पडती."

सगळा वर्ग हसला. तिची सासू गावात तोंडाळ म्हणून ओळखली जायची आणि तिला सगळी पोरं भ्यायची.

चार आणि नऊ तिनं कधी मानले नाहीत. चारला चार रेघा, नऊला पाचाचा पंजा आणि चार रेघा. पण बाकीचे ती सुरेख लिहायची. लेक घरी चुलीपुढच्या राखेत तिच्याकडून गिरवून घ्यायची आणि सकाळी मला येऊन सांगायची, "मॅडम, आईला अकरा आलं. मॅडम, आईला बारा आलं." अक्षर म्हणून त्या बाईला जगात तेवढंच लिहिता येत होतं.

जुलैमध्ये, सुट्टीच्या दिवशी, ती दुसऱ्याच्या सोयाबीनमध्ये खुरपायला गेली होती. बांधावरच्या बाभळीखाली भाकरी खायला बसताना साप चावला. परभणीला नेताना वाटेतच गेली. मला दुसऱ्या दिवशी शाळेत आल्यावर कळलं. चूल गार होती आणि मुख्याध्यापक व्हरांड्यात हात मागे बांधून फिरत होते.

संध्याकाळी मी मुलीच्या घरी जाऊन आले. बायका बसल्या होत्या. जिथं तिला ठेवलं होतं ती जागा सारवली होती, आणि तिथं एक टोपलं पालथं घातलेलं होतं. फटींतून दिव्याचा उजेड दिसत होता. माझ्या शेजारच्या बाईनं हळूच सांगितलं की खाली पीठ पसरलंय. गेलेलं माणूस रात्री येऊन जातं आणि पिठावर पाऊल उमटवून जातं. सकाळी टोपलं उचलायचं आणि बघायचं, कोणत्या जन्माला गेलं. मग ती म्हणाली, "तुमच्यात न्हाई ना हे, बाई?"

आमच्यात नाही. माझ्या आजोबांनी धम्म स्वीकारला तेव्हाच आमच्या घरातून हे सगळं गेलं. वडील म्हणायचे, मेलेलं माणूस आठवणीत राहतं, दुसरीकडे कुठे राहत नाही. मी तशीच वाढले. मला त्या टोपल्याची भीती वाटली नाही. त्याच्याकडे एकटक बघत भिंतीला टेकून बसलेल्या माझ्या विद्यार्थिनीकडे बघवलं नाही, एवढंच.

दोन दिवसांनी गावात सगळ्यांना माहीत झालं होतं की पाखराचं पाऊल उमटलं. चांगलं झालं, असं लोक म्हणत होते. पाखराचा जन्म म्हणजे सुटली.

तेरावा झाल्यावर मुलगी शाळेत आली. बोलायची कमी, पण ते अपेक्षित होतं. खायची जवळजवळ नाहीच, तेही मी समजू शकत होते, कारण त्या चुलीवर आता दुसरी बाई खिचडी करत होती. मला खटकलं ते वेगळंच. ती सारखी वेळ विचारायची. "मॅडम, किती वाजले?" साडेअकरानंतर तर दर थोड्या वेळानं. आणि बारा वाजायच्या सुमारास लघवीला म्हणून जायची ती जेवणाच्या सुट्टीपर्यंत यायची नाही.

एक दिवस मी मागोमाग गेले. शाळेच्या मागे कुंपण नाही, नुसती घाणेरीची झुडपं. पलीकडे सोयाबीन, आणि सोयाबीनच्या पलीकडे तो बांध. ऊन सरळ डोक्यावर होतं, पायाखाली सावली नव्हती. या वेळी आमच्याकडे माणसं शेतातसुद्धा झाडाखाली थांबत नाहीत, घराकडे येतात किंवा निदान दोघं-तिघं मिळून बसतात. आणि ही एकटी त्या बाभळीखाली बसली होती, गुडघे जवळ घेऊन. आजूबाजूला गवत मांडीइतकं.

मी तिला दंडाला धरून उठवलं. आधी रागावले. साप काय एकच असतो का, म्हटलं. मग विचारलं, "कामून येतीस इथं?"

तिनं फ्रॉकला चिकटलेली कुसळं काढली. मग म्हणाली, "कुनाला सांगू नका."

"नाही सांगत."

"आईनं लिवलंय, बाराला येते म्हनून."

"कुठं लिहिलंय?"

"पिठावर. आजीनं टोपलं उचललं तवा मी मागंच हुते. फुली, आन् दोन रेघा. मग आजीनं लगेच पीठ गोळा केलं आन् वड्याला सोडलं."

मी म्हणाले, "अगं, सगळे तर पाखराचं पाऊल म्हणतात."

"त्यांना वाचता येतं का मॅडम ते?" ती म्हणाली. "आईला येत हुतं. तिला दुसरं काईच लिवता येत न्हवतं."

तिचं म्हणणं एका ओळीत बसत होतं आणि त्यात चूक सापडत नव्हती. बाईला एवढंच लिहिता येत होतं, म्हणून तिनं तेवढंच लिहिलं. तिला साप चावला तो बाभळीखाली, म्हणून यायची तर तिथेच. मी तिला वर्गात आणून बसवलं आणि तिसरीचा पाढा घेतला. पण फळ्याकडे तोंड करून उभी असताना मला माझ्याच अक्षरातला तो आकडा, XII, आठवड्यापूर्वी कुणी तरी अर्धवट पुसलेला, कोपऱ्यात दिसत होता. मी तो पूर्ण पुसला. डस्टरनं नाही गेला, तेव्हा ओल्या फडक्यानं.

तिची आजी शाळेत आली ती पुढच्याच आठवड्यात. वर्गाच्या दारातून आत यायची नाही, बाहेरूनच हाक. "ओ बाई, जरा भाईर या."

मी बाहेर गेले. उंच, वाळलेली, कपाळ रिकामं, आवाज मात्र सगळ्या गल्लीला पुरेल असा.

"पोरीला धरलंय," ती म्हणाली. "लोकं बघायलेत. बाराच्या टायमाला बांधावर जाऊन बसती. रातची झोपत न्हाई, भाकर खात न्हाई. आता ही अमावश्या आली का नेनार हाव मी तिला."

"कुठं नेणार?"

"हाय एक बाबा, नदीच्या पल्याड. मिरच्याची धुरी देतो. एका बसन्यात बोलतं करतो."

मला तो प्रकार माहीत होता. बंद खोलीत लेकराला निखाऱ्यावरच्या मिरच्यांपुढे धरतात. माझ्या आधीच्या शाळेतली एक मुलगी अशी जाऊन आली होती, त्यानंतर ती कुणी जवळ आलं तरी हात तोंडावर घ्यायची. मी आजीला सांगितलं की हा गुन्हा आहे, कायदा आहे, मी पोलिसात जाईन.

"जावा की," ती म्हणाली. "जमादाराचीच बायकू तिथं अंगाऱ्याला येती. तिलाच इचारा."

"पोरीला आईची आठवण येते, दुसरं काही नाही."

"आठवन आमाला बी येती. आमी काय बांधावर जाऊन बसतो का?" असं म्हणून ती वळली आणि पुन्हा थांबली. "ती तिथं कामून बसती, ते तुमाला सांगितलं का काई?"

मी नाही म्हणाले. पोरीला शब्द दिला होता म्हणून नव्हे. मेलेली बाई लिहून गेली असं पोर म्हणते, हे कळलं असतं तर आजी अमावास्येपर्यंतसुद्धा थांबली नसती. मुलीचा बाप दिवसभर ट्रॅक्टरवर असायचा आणि आपल्या आईच्या शब्दाबाहेर नव्हता. तेव्हा जे करायचं ते मलाच, आणि अमावास्येच्या आत. मुलीनं आपणहून बांधावर जाणं थांबवलं तरच आजीचं तोंड बंद होणार होतं.

मी गणिताची शिक्षिका आहे. मला वाटलं, तिला प्रत्यक्षच दाखवावं. घरून ज्वारीचं पीठ आणलं. शाळा सुटल्यावर तिला थांबवून घेतलं आणि कोठीत, तांदळाच्या पोत्यांशेजारी, जमिनीवर पीठ पसरलं. हातानं सारखं केलं. वर टोपलं पालथं घातलं.

"दिवा?" तिनं विचारलं.

"पेटता दिवा पोत्यांजवळ ठेवायचा नाही."

तिला ते आवडलं नाही. मी म्हणाले, "सकाळी बघू. कोठीत उंदीर आहेत, पाली आहेत, झुरळं आहेत. इथं कुणी मेलेलं नाही. तरी पिठावर खुणा उमटतील. मग तू मला सांग."

सकाळी मी लवकर आले. ती आधीच कोठीच्या दाराशी उभी होती. मी कुलूप काढलं, टोपलं उचललं. माझ्या अपेक्षेपेक्षाही जास्त खुणा होत्या. उंदरांनी पिठावर अक्षरशः नाच केला होता. शेपटीच्या लांब रेघा, पंजांचे ठिपके, मध्येच कुठे एकमेकींना छेदणाऱ्या दोन ओळी. मला समाधान वाटलं. म्हटलं, "बघ."

ती खाली बसली. दोन्ही हात गुडघ्यांवर ठेवून, उत्तरपत्रिका तपासावी तसं तिनं ते पीठ एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत वाचलं. कुठे बोट न लावता.

"हे काईच न्हाई," ती म्हणाली. "हितं पाच काढलंय पर आडवं हाय. ही फुली हाय, तर तिच्यावरून शेपूट गेलंय. पंधरा रेघा कुनी मारतं का, मॅडम? उंदराला येत न्हाई."

"तेच तर मी सांगते. उंदरानं काही लिहिलेलं नसतं. आपल्याला तसं वाटतं."

"हां. उंदरानं असतं तर असं असतं." तिनं वर पाहिलं. कितीतरी दिवसांनी तिचा चेहरा मोकळा झाला होता. "आईचं नीट हुतं. फुली, मग जागा सोडून एक, मग एक. आता मला पक्कं कळलं."

मी टोपलं खाली ठेवलं. पीठ झाडून गोळा केलं आणि शाळेमागच्या शेळीला घातलं. एखादं उदाहरण विद्यार्थ्यानं तुमच्याच पद्धतीनं सोडवावं आणि उत्तर उलट यावं, असं क्वचित होतं. माझ्या बाबतीत ते तेव्हा झालं.

मग मी सोपा मार्ग धरला. पटवून द्यायचं सोडून दिलं. तिला म्हणाले, "तुझी आई बाराला कुठं असायची?"

"हितं. खिचडी उतरायची."

"मग ती बांधावर कशाला येईल? एकदा गेली ती तिथं, तेही सुट्टीच्या दिवशी. रोज ती इथं असायची. यायची तर इथंच येईल."

हे बोलताना वडिलांचा चेहरा माझ्या डोळ्यांपुढे आला नाही असं मी म्हणणार नाही. पण गवतात साप होते आणि अमावास्या जवळ होती.

तिनं विचार केला आणि मान हलवली. त्या दिवसापासून बाराच्या आधी ती वर्गातून उठायची आणि स्वयंपाकघराच्या दाराच्या चौकटीला पाठ लावून उभी राहायची. मी नव्या बाईला सांगून ठेवलं होतं, पोरीला काही विचारू नकोस. नवी बाई म्हणाली, "मी कशाला इचारू? पर मॅडम, ती माज्याकडं बघतच न्हाई. माज्या मागं बघती. माजं उलथनं थांबतंय वो." आठवडाभरात तिनं चूल दुसऱ्या कोपऱ्यात हलवली. म्हणाली, धूर लागतो.

मीही बाराला तिथं जाऊ लागले. आहाराची चव शिक्षकानं घ्यायची असते, तो नियमच आहे, आधी मी तो रोज पाळत नसे एवढंच. चमचाभर खिचडी तोंडात घालायची आणि त्या दाराकडे न बघता उभं राहायचं. पत्रा तापून तडतडायचा. भिंतीवर जुन्या बाईच्या कोळशाच्या रेघा तशाच होत्या, नव्या बाईनं पुसल्या नव्हत्या. कुणी येत नव्हतं. कुणी येणार नव्हतं, हे मला माहीत होतं. तरीही बारा वाजून गेले की माझे खांदे सैल पडायचे, आणि ते खांदे इतका वेळ ताठ होते हे मला तेव्हाच कळायचं.

अमावास्येच्या दिवशी आजी आली. धुतलेलं लुगडं, हातात पिशवी, पिशवीत नारळ आणि लिंबं. बारा वाजायला थोडाच वेळ होता आणि मुलगी चौकटीला टेकून उभी होती.

"चल ग," आजी म्हणाली.

मी मध्ये उभी राहिले. "शाळेच्या वेळात मी लेकरू सोडणार नाही. बापाला पाठवा."

"बाप गेलाय ट्रॅक्टरवर. मी कोन हाव मग?"

"आता ती बांधावर जात नाही. विचारा कुणालाही."

"बांधावर जात न्हाई, हितं उभी ऱ्हाती. समदं गाव सांगायलंय. भूत जागा बदलतं का काय, बाई, बदलीच्या मास्तरावानी?" नवी बाई तोंडाला पदर लावून हसली. आजीनं तिच्याकडे पाहिलं, मग नातीकडे. आवाज उतरवून म्हणाली, "काय बघायलीस ग तिथं? सांग मला. कुनाची वाट बघायलीस?"

मला वाटलं, ती बोलणार नाही. पण ती सरळ बोलली. "आईची. बाराला येनार हाय. तिनं पिठावर लिवलंय."

"काय लिवलंय?"

"बारा."

मी आजीचं तोंड पाहत होते. राग येईल, ओरडेल, पोरीला ओढून नेईल, या सगळ्याची मी तयारी केली होती. आजी पायरीवर बसली. पिशवी हातातून सुटली आणि एक लिंबू घरंगळत चुलीपर्यंत गेलं. मग तिनं मला खूण केली. मी तिच्या मागोमाग कोठीत गेले.

"पिठावर काईच न्हवतं, बाई," ती म्हणाली.

"म्हणजे?"

"कोरं हुतं. जसं पसरलं तसं. पीठ कोरं ऱ्हायलं का लोक काय म्हनतेत ठाव हाय का तुमाला? ती गेलीच न्हाई म्हनतेत. घरातच हाय म्हनतेत. त्यात ती सापानं गेलेली. लेकरं त्या घरात झोपली असती का? माजा ल्योक तरी झोपला असता का?" तिनं पदरानं तोंड पुसलं. "म्हनून दिस उगवायच्या आदी मीच टोपलं उचललं. बोटं टेकवली. पाखराचं पाऊल केलं. मग सगळ्यास्नी उठवलं आन् पुन्यांदा उचललं."

मला एकदम हलकं वाटलं. एवढं सोपं होतं. तिनं बोटं टेकवली, कुठे एक रेघ दुसरीवरून गेली, पोरीच्या डोक्यात आकडे भरलेले होते, तिनं बारा वाचलं. मी आजीला म्हणाले, "हेच तिला सांगा. आत्ता."

"नगं. म्हनंल, आजीनं सगळ्या गावाला फशिवलं."

"म्हणू द्या. मिरच्यांच्या धुरीपेक्षा बरं."

कोपऱ्यात सकाळच्या पाठाची ताटं रचलेली होती. त्यातलं सगळ्यात वरचं, राख असलेलं, मी खाली ठेवलं, राख सारखी केली. "कसं केलं ते दाखवा."

तिनं तीन बोटं पसरली आणि टेकवली. मागे अंगठा. चिमणीचं पाऊल, हुबेहूब. त्याच्या पुढे आणखी एक. अशी दोन पावलं. हात स्थिर होता तिचा.

मी ताटाकडे पाहत राहिले. एकीकडून पाहिलं, दुसरीकडून पाहिलं. ती पाखराची दोन पावलं होती, आणि कुठूनही पाहिलं तरी पाखराचीच होती.

"एवढंच केलं होतं?"

"एवढंच."

दारात मुलगी उभी होती. केव्हा आली, आम्हाला दोघींनाही कळलं नाही. ती आत आली, ताटापाशी उकिडवी बसली.

"हे चिमनीचं हाय," ती म्हणाली.

"हां बाई," आजी म्हणाली. "मीच केलतं. तुज्या आईनं काई लिवलं न्हाई. मी केलतं."

"हे बी हुतं. खाली, कडंला." तिनं बोटानं दाखवलं. "पर वर फुली हुती. आन् दोन रेघा. ती कुनी काढली?"

मी मुलीच्या डोक्यावरून आजीकडे पाहिलं आणि डोळ्यांनी सांगितलं, म्हणा, तुम्हीच काढली. एक शब्द. या बाईनं सबंध गावाला पाखरू दाखवलं होतं, तिला एक फुली जड नव्हती. पोर तिच्या तोंडाकडे बघत होती.

"मी न्हाई काढली," आजी म्हणाली.

पत्र्यावर ऊन तडतडत होतं. बाहेर पोरं रांगेत ढकलाढकली करत होती. मला नंतर पुष्कळदा वाटलं की तेव्हा मीच काहीतरी बोलायला हवं होतं. दिव्याची काजळी, झुरळ, झोपेतून उठलेलं लेकरू, अंधार. ही सगळी कारणं माझ्याकडे आहेत आणि ती खरीही आहेत. पण तेव्हा माझ्या तोंडातून एकही निघालं नाही.

आजी उठली. गुडघ्यावर हात देऊन, हळू. पोरीला धरलं आणि ती तिला बाहेर घेऊन आली. मला वाटलं, आता निघणार. पण ती स्वयंपाकघराच्या पायरीवर बसली आणि नातीला शेजारी बसवून घेतलं. डोक्यावर पदर घेतला. नारळाची पिशवी पायानं बाजूला सारली.

"निघायचं नाही का?" मी विचारलं.

"कुठं न्यायचं तिला आता," ती म्हणाली. "तिला नेलं तर मला बी न्यावं लागंल." मग नातीला विचारलं, "कोन्या अंगाला बघायचं ग?"

मुलीनं चुलीकडे, भिंतीकडे बोट दाखवलं. दोघी तिकडे बघत बसल्या.

व्हरांड्यात मुख्याध्यापकांनी घंटा वाजवली. नवी बाई पातेल्याजवळ यायला तयार नव्हती, म्हणून पळी मी घेतली. ताटं पुढे येत गेली, मी वाढत गेले. रांगेत शेवटी दोन ताटं आपण होऊन वाढून पायरीवर नेऊन ठेवली, एक आजीला, एक नातीला. मुलीनं हात धुतला आणि ती जेवू लागली. आजीही जेवली. त्या अमावास्येला ती नदीपलीकडे गेली नाही, नंतरही नाही.

वाढताना माझी पाठ भिंतीकडे होती. पातेलं रिकामं होईपर्यंत मी मागे वळले नाही.